वालावरची करणी

माझ्या डाव्या भुवईवरचा व्रण वालाच्या शेंगांपायी झालाय, हे कुणालाच पटत नाही.

आमच्या पोशीर गावात भात निघालं की त्याच जमिनीत वाल पेरतात. त्या वर्षी चुलतभावाची रोपं पिळवटली. पानं द्रोणासारखी आत वळली, देठांना पीळ बसले. जणू कुणी एकेकाचा गळा आवळत गेलं होतं. आदल्याच आठवड्यात आमची विधवा आत्या बांधावरून म्हणाली होती, "काय झ्याक वाल आलाय रं." झालं. भर दुपारी भाऊ कोयता घेऊन तिच्या अंगणात.

"थेरडे, करणी केलीस. उभी चिरतो तुला."

आत्या तांदूळ पाखडत होती, ती पाखडतच राहिली. "मला करणी येत असती तर आधी तुझी जीभ वळवली असती."

तो धावला. मी नाटकातल्या राजासारखा हात पसरून मध्ये पडलो. कोयता उलटा बसला म्हणून वाचलो, पण कपाळ फुटलं आणि तांदूळ लाल झाले. आत्या मलाच ओरडली, "तिकडं सांड की मेल्या."

"संक्रांतीपर्यंत करणी उतरव," भाऊ जाता जाता म्हणाला, "नायतर मी मुंडी उतरवतो."

तो थट्टा करणारा नव्हता. टाके पडलेलं डोकं घेऊन मी त्याच्या शेतात हिंडलो. वाल सगळीकडे पिळला नव्हता. उन्हाळ्यात ओढ्यातल्या डोहाचा गाळ उपसून टाकला होता, तेवढ्याच तुकड्यात पिळला होता. मग मी दोन डब्यांत वाल पेरला. एकात डोंगराची माती, दुसऱ्यात डोहाचा गाळ. गाळातलं रोप उगवलं ते मान मुरगळूनच.

आत्याला घेऊन शेतात गेलो आणि डबे भावापुढे ठेवले. "भातात तणनाशक मारून पंप कुठं धुवायचास?"

"डोहात. भाताला कुठं काय झालं?"

"ते भाताला सोडतं, वालाला धरतं."

"पण दोन पावसाळे मी मारलंच नाय."

"तू मारलं नाय," आत्या म्हणाली, "पण ते मेलं कुठं? गाळात बसलं. करणीच हाय ही, मुडद्या, पण तुझी."

भाऊ फावडं उचलून म्हणाला, "गाळ खरवडून परत डोहात लोटतो."

आत्याने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की बांधावरचे बगळे उडाले.

"मंग टाकू कुठं?" गाल चोळत त्याने विचारलं.