कोलंबोत हरी हरी

हसू आलं तर दाबू नका. आमच्या घरचे अजून हसतात, आणि नागपूरजवळच्या खाप्यात तर म्हणे कोणाच्याही पंगतीत हा विषय निघतो नि वाढप्यांचे हात थांबतात. लोक सांगताना पदरचं घालतात, म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. आणि खरं सांगू का, वेडेपणा मुळातच एवढा मोठा आहे की पदरचं काही घालायची गरजच नाही.

मी नागपुरात सक्करदऱ्याला नानांच्या रंगाच्या दुकानात काम करतो. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून तिथंच. स्वभाव लाजाळू. किती? दुकानात बाई गिऱ्हाईक आली की मी शिडीवर चढून वरच्या डब्यांची धूळ पुसायला लागतो. नानांच्या दुकानात सगळ्यात स्वच्छ काही असेल तर ते वरचे डबे.

या लाजण्यापायी माझं लग्न अडलं होतं. खाप्याची प्रणाली, बी.कॉम. झालेली. पाहायला गेलो तेव्हा तिच्या बाबांनी मला जे जे विचारलं त्याची उत्तरं माझ्या मावशीनं दिली. अगदी माझं नावसुद्धा! प्रणालीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी लगेच चिवड्याकडे पाहिलं. मला ती फार आवडली होती, पण हे चिवड्याला कळून काय उपयोग? शेवटी बाबांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा चांगला आहे, पण तोंड उघडते का नाही? माही पोरगी काय भिंतीशी बोलणार?" होकार नाही, नकारही नाही. विचार करतो म्हणाले.

तेवढ्यात नानांना रंगाच्या कंपनीकडून बक्षीस लागलं. वर्ल्ड कपची दोन तिकिटं, भारत आणि श्रीलंका, कोलंबोला, जाण्यायेण्यासकट. त्यांच्या घरच्या काकूंना विमानाची धास्ती, म्हणून नानांनी मला घेतलं. मावशीनं ही बातमी लगोलग खाप्याला पोचवली, कारण प्रणालीचे बाबा क्रिकेटचे वेडे. ते म्हणाले, बरं, पाहतो टीव्हीवर, दिसते का तुमचा पोरगा.

मावशीनं मला समोर बसवून शिकवलं. "कॅमेरा आला का उभं राहायचं अन् हात हलवायचा. मान खाली घालून बसू नको. जमते का एवढं?"

जमते म्हटलं. म्हणजे बघा, माझा सगळा संसार आता एक हात हलवण्यावर येऊन ठेपला होता.

कोलंबोच्या विमानतळावर साहेबानं पासपोर्टवर शिक्का मारला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हरी."

मी चमकलो. बाहेर टॅक्सीवाला फोनवर कोणाशी तरी "हरी, हरी, हरी" करत होता. हॉटेलातल्या पोऱ्यानं बॅग खाली ठेवली, "हरी." माझ्या अंगावर काटा आला हो! बुद्धाचा देश म्हणून ऐकलं होतं, पण इथं हरीचं नाव एवढं चालतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझी आई भजनी मंडळात आहे. तिनं लहानपणापासून एकच शिकवलं, समोरच्यानं देवाचं नाव घेतलं तर आपण मुकं राहायचं नाही. मनात नाही, मोठ्यानं घ्यायचं. जगात या एकाच गोष्टीला मी लाजत नाही. तेव्हा हात जोडून मी पण सुरू केलं, "हरी हरी."

तुम्ही हुशार, तुम्हाला शंका आली असेल. मला नाही आली.

सकाळी नाश्त्याला वाढणारा खोबऱ्याची लालभडक चटणी घेऊन आला. नानांच्या ताटावर चमचा धरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हरी?" मी हात जोडले, "हरी हरी." त्यानं एक चमचा वाढला. परत "हरी?" परत मी "हरी हरी." आणखी एक चमचा. ताटात डोंगर झाला तेव्हा नाना म्हणाले, "अरे, हा किती वाढून राहिला?" मी म्हटलं, नाना, भाविक माणूस आहे, नाही म्हणू नका. नाना म्हणजे झणझणीत सावजी रस्सा पाण्यासारखा पिणारा माणूस. ताटात काही टाकणं त्यांच्या रक्तातच नाही. सगळी चटणी संपवली.

मॅचच्या वेळेला नाना बाथरूममध्ये. आतूनच म्हणाले, "तू जाय गा. माही वाट पाहू नको. दोन्ही तिकिटं ने, कोणाले तरी देऊन टाक एक."

परदेशात मी एकटा! पण म्हटलं, जिथं घरोघरी हरी आहे तिथं भ्यायचं काय?

रिक्षावाल्याचं नाव सुनील. आमच्या गल्लीत तीन सुनील आहेत, त्यामुळे अर्धी भीती तिथंच गेली. त्यानं हातवारे करून बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाला, "हरी?" मी म्हटलं, "हरी हरी." रिक्षा भलत्याच गल्लीत वळली. तिथं त्याचे काका चढले, काकू चढल्या, हातात ट्रम्पेट घेतलेला एक भाऊ चढला, आणि जागा उरली नाही म्हणून एक भलामोठा ढोल माझ्या मांडीवर ठेवण्यात आला. "हरी?" आता मांडीवर ढोल असताना हात कसे जोडणार? मान डोलावली. "हरी हरी."

मैदानाशी सुनीलनं माझ्या हातातली तिकिटं पाहिली. मग काकांचे गुडघे दाखवले, काकूंचे गुडघे दाखवले, डोक्यावरचं ऊन दाखवलं, आणि अगदी काकुळतीनं म्हणाला, "हरी?" एवढ्या भक्तिभावाला नाही म्हणणारा मी कोण? काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, काय प्रेमळ लोक आहेत. थोड्या वेळानं पाहतो तर काका-काकू माझी आणि नानांची तिकिटं घेऊन सावलीतल्या खुर्च्यांकडे चालले होते, आणि त्यांची तिकिटं घेऊन मी नि ढोल उन्हातल्या पायऱ्यांकडे. श्रीलंकेच्या बाजूच्या पायऱ्यांकडे.

तिथं एक ताई रंगाच्या डब्या घेऊन आली. मी रंगाच्या दुकानातला माणूस, निदान इथं तरी मला कळायला हवं होतं की नाही? तिनं बोट बुडवून माझ्या कपाळाकडे नेलं. मला वाटलं, गंध लावते आहे. डोळे मिटले, हात जोडले, "हरी हरी." गंध कपाळावरून नाकावर आलं, नाकावरून गालावर, गालावरून हनुवटीवर. आमच्याकडे गंध एवढं खाली येत नाही, पण म्हटलं, देश तसा वेश.

मग बॅन्ड सुरू झाला. ट्रम्पेट, झांजा, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ढोल माझ्याकडे. आता तुम्हाला सांगतो, मी पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी ढोल वाजवतो. ढोल पुढं असला की मी त्याच्यामागं लपतो, आणि लपलो की माझी लाज जाते. मी असा सुटलो, असा सुटलो, की विचारू नका. तोंड बॅन्डकडे, पाठ मैदानाकडे. लोक ओरडले की मी जास्त जोरात वाजवायचो. एकदा तर सगळी पायरीच उठून नाचायला लागली, मग मी पण ढोल घेऊन नाचलो.

नाचता नाचता वळलो नि समोरच्या मोठ्या पडद्यावर लक्ष गेलं. तोंडभर श्रीलंकेचा सिंह रंगवलेला कोणीतरी माणूस जीभ बाहेर काढून ढोल बडवत होता. मला हसूच आलं. म्हटलं, लोक परदेशात काय काय करतात! मी घाम पुसला. सिंहानंही घाम पुसला.

पडद्यावरचं चित्र बदललं. आपला सगळ्यात मोठा फलंदाज बॅट काखेत मारून परत चालला होता.

खिशात फोन वाजला. मावशी. "काहून गा, तू कोणाकडून आहे?"

मी गालाला हात लावला, बोटं रंगानं माखली.

"इथं खाप्यात अख्खी गल्ली बसली आहे टीव्हीपुढं. तोंड रंगवलं तरी ढोल वाजवताना मी तुले ओळखलं अन् सगळ्यांना दाखवलं. आपला गडी आउट झाला अन् तू नाचून राहिला. प्रणालीचे बाबा उठून आत गेले."

"अन् ती?" मी विचारलं.

"ती उशीत तोंड खुपसून बसली आहे."

झालं. मी ढोलावर डोकं टेकवून बसलो. ट्रम्पेटवाल्यानं पहिल्यांदाच ट्रम्पेट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "क्या हुआ भाई?" तो दुबईत राहून आलेला होता. दिवसभर तोंडात ट्रम्पेट असल्यामुळे त्याला हिंदी येते हे कळलंच नव्हतं. मी म्हटलं, आप लोगों के साथ दिनभर हरी का नाम लिया, और देखो क्या हो गया.

तो म्हणाला, "कौन हरी?"

मी म्हटलं, वही, सुबह से सब लोग हरी हरी...

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाई, हरी मतलब ठीक है."

माझ्या डोळ्यांपुढून चटणी गेली, काकूंचे गुडघे गेले, ताईचं बोट गेलं. त्यानं आपल्या भाषेत इतरांना सांगितलं आणि हसण्याची लाट खालच्या पायरीपर्यंत गेली. पण माणसं गोड. शेवटी भारत जिंकला तेव्हा त्यांनीच मला उभं केलं, ढोल गळ्यात घातला, आणि हरलेला सगळा बॅन्ड माझ्या मागं वाजवत उभा राहिला. जीव ओतून वाजवलं मी! कॅमेरा तेव्हा अर्थातच दुसरीकडे होता.

नागपूरला आल्यावर मावशी दुकानात आली. तिला लांबूनच पाहून मी शिडीवर चढलो.

"उतर खाली," मावशी म्हणाली. "होकार आला."

प्रणाली उशीत तोंड खुपसून रडत नव्हती, हसत होती. मागाहून बाबांना म्हणाली म्हणे, "तुम्ही त्याले भिंत म्हणत होते. भिंत अशी नाचते का, बाबा?" बाबांनी बराच विचार केला आणि मावशीला फोन लावला. म्हणाले, पोराले तोंड नसलं तरी हात आहेत.

खाप्यात साखरपुडा झाला. एवढी माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर, ढोल नाही, शिडी नाही. संध्याकाळभर मी एक शब्द बोललो नाही. जेवताना प्रणालीच्या एक म्हाताऱ्या आत्या माझ्यापुढं येऊन बसल्या. त्यांनी मला आधी फक्त टीव्हीवर, श्रीलंकेच्या बॅन्डमध्ये पाहिलेलं. माझ्या ताटावर बोट ठेवून, मोठ्यानं आणि सावकाश त्या म्हणाल्या, "हा भात आहे, बाप्पा. भा-त."

आता मी सांगायला हवं होतं ना, आत्या, मी सक्करदऱ्याचा आहे म्हणून? पण पंगत थांबली होती. सगळे बघत होते. मी हात जोडले आणि म्हटलं, "भात."

आत्या बायकांकडे वळल्या. "पाहा वं," त्या कौतुकानं म्हणाल्या, "किती लवकर शिकते पोरगा."