पाचवी फाइल

रोह्याहून पेणला येताना कासू स्टेशनात आमची गाडी थांबली की ती लगेच सुटेल अशी आशा रोजचा माणूस धरत नाही. समोरून मालगाडी यायची असते, मग लोक खाली उतरून पाय मोकळे करतात. त्या सकाळी मी मात्र मांडीवर लॅपटॉप घेऊन जागेवरच बसले होते. नरेश दवाखान्यात आहे तोवर समुद्राच्या भरतीचे नवे आकडे आपल्यालाच भरावे लागणार, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात मंदाताईचा, म्हणजे नरेशच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. कुठं आहेस, असं तिनं विचारलं, मी कासू म्हटलं. "नरेश नाय राहिला गो," ती म्हणाली. समोरच्या बाईनं माझा चेहरा बघून पाण्याची बाटली पुढं केली. मला पाणी नको होतं. मला नरेशला गाठून चार शब्द सुनावायचे होते. खरं सांगते, रडू बऱ्याच उशिरानं आलं. आधी आला तो राग.

नरेश आणि मी नव्या मुंबईतल्या एका कंपनीत शेजारी-शेजारी बसायचो. तो पेणच्या खाडीकडच्या एका गावातला, मी रोह्याची, म्हणजे पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमीची. रायगडातली दोन माणसं एका मजल्यावर भेटली की आधी गाडीच्या वेळा बोलतात. आम्हीही त्याच बोललो. पुढं त्या जाण्यायेण्याला कंटाळून दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि पेणला एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. हमरापूरच्या गणपती कारखान्यांचे हिशेब, एखाद्या शाळेची फी, असली किरकोळ सॉफ्टवेअरं आम्ही करायचो. नरेश कमी बोलायचा, सावकाश जेवायचा आणि आपल्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचा. हट्टी तर असा, की वादात मी जिंकले तरी शेवटी व्हायचं ते त्याच्याच मनासारखं.

ज्या कामात तो खरा गुंतला ते भरतीचं ॲप. खाडीकाठची भातशेती बांधाच्या भरवशावर उभी असते. बांधात उघाडी असते, म्हणजे फळ्या घालून बंद करायची वाट. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीच्या आत फळ्या टाकायच्या. वेळ चुकली की खारं पाणी शेतात, आणि मग पुढचे दोन-तीन पावसाळे तिथं भाताचं नाव काढायचं नाही. या गावांत काम करणाऱ्या एका संस्थेला भरतीची वेळ सांगणारं ॲप हवं होतं, तेही चार तऱ्हांचं: त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसाठी नकाशासकट, चांगल्या फोनसाठी, जुन्या मरतुकड्या फोनसाठी, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी बोलणारं. आम्ही सोपा रस्ता धरला. पहिलं तयार झाल्यावर त्याच्या कॉप्या मारल्या आणि ज्यात-त्यात हवे ते बदल केले. चार फोल्डर, चार वेगळे प्रोजेक्ट. काम झटपट झालं म्हणून आम्ही खूशही होतो.

पुढच्या श्रावणात नरेशला हिशेबात एक चूक सापडली. भरती तासभर उशिरा दाखवली जात होती. त्यानं ती दुरुस्त केली, पण तीनच फोल्डरांत. बोलक्या ॲपच्या फोल्डरात करायची राहून गेली. उधाणाच्या दिवशी त्याच्या स्वतःच्या गावातल्या उघाडीवरच्या माणसानं बोलक्या फोनवर विश्वास ठेवला, आणि फळ्या पडायच्या आत खाडी शेतात शिरली. गावाची निम्मी खाचरं खारी झाली. त्यात नरेशच्या आईचं शेतही गेलं. कुणी त्याला तोंडावर बोललं नाही, ते त्याला जास्त लागलं. आई, आमची हिराकाकी, एवढंच म्हणाली की पाणी तुझ्या फोनातून नाही आलं, खाडीतून आलं. तिच्या बोलण्यानं त्याचं समाधान झालं नाही. पुढचे दोन पावसाळे ते शेत पांढरट पडून राहिलं होतं, आणि घरी जायची वाट नेमकी त्याच्याच कडेनं जाते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नरेशनं चारही फोल्डर मोडीत काढले आणि सगळं मुळापासून एकाच प्रोजेक्टात बांधायला घेतलं. गाभा एक, भरतीचा हिशेब एकाच जागी. कुणाला नकाशा, कुणाला आवाज, कुणाला नुसती मोठी अक्षरं, एवढाच फरक वेगळा ठेवायचा. एकदा बिल्डची आज्ञा दिली की त्या एका प्रोजेक्टातून चारही फाइली तयार होऊन बाहेर पडायच्या. आणि त्यातली एक जरी अडली तरी बाकीच्या तीनही बाहेर पडणार नाहीत, अशी व्यवस्था त्यानं मुद्दाम केली होती. माझा याला विरोध होता. दुसरी गिऱ्हाइकं ताटकळत होती, आणि चालू असलेलं काम हा बाबा उकरून बसला होता. मी भांडले. तो शांतपणे म्हणाला, "दुरुस्ती एकदाच व्हायला पायजे वैशाली, नि ती सगल्यांना पोचली पायजे. एक गाव राहिला तर काय उपेग?" हमरापूरचे कारखानदार त्याला चिडवायचे, की तू आमचाच धंदा करतोस, एक साचा आणि त्यातून ढीगभर गणपती. तो म्हणायचा, तुमचे सगळे सारखे निघतात, माझे घरागणिक वेगळे निघतात.

त्याच्या टेबलामागं एक फळी होती. तिच्यावर जुने-नवे फोन ओळीनं चार्जिंगला लावलेले असायचे, एकेका फाइलीसाठी एकेक. बिल्ड झाल्यावर तो प्रत्येक फाइल ज्या-त्या फोनवर टाकून, उघडून, बोलकी असेल तर कानाला लावून ऐकायचा. कॉम्प्युटरनं सगळं ठीक म्हटलं तरी हे चुकायचं नाही. देवपूजा चाललीय का, असं मी विचारायचे. तो मान न वळवता हसायचा.

पाचवी फाइल यात नंतर आली. बोलक्या ॲपमध्ये आम्ही आधी पुण्याच्या एका मुलीचा आवाज घातला होता. 'मोठी भरती अपेक्षित आहे' असं ती फार गोड सांगायची. हिराकाकीनं ते ऐकलं आणि विचारलं, "ही कोन गो? हिनं आमची खाडी तरी बगलीय का?" आणि फोन बोलत असताना खुशाल बांधावर शेत बघायला निघून गेली. तेव्हा नरेशनं गावांसाठी स्वतःच्या आवाजात, त्यांच्या बोलीत नवं रेकॉर्डिंग केलं, आणि आईच्या फोनसाठी वेगळं, पाणी चढायला लागलं की आपोआप वाजणारं. "आये, पानी चराला लागलंय. बांदावर जाव नको. मी येतो." एका बाईसाठी अख्खी वेगळी फाइल म्हणजे दर बिल्डला तेवढं काम वाढलं, असं माझं म्हणणं. तिचं नाव त्यानं 'आय' असं ठेवलं आणि विषय संपवला. बोलल्याप्रमाणे तो जायचाही. उधाणाच्या दिवशी हातातलं काम टाकून मोटारसायकल काढायचा आणि थेट गाव गाठायचा. काकी फोनला "व्हय, ये" म्हणून उत्तर देते, असं मंदाताई हसत सांगायची.

यंदा पावसाळ्यात बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्यानं बांधच फोडला. नरेश गावकऱ्यांबरोबर चिखलात उतरून माती भरत होता. पाय कापला होता, तसाच. पुढच्या आठवड्यात ताप आला. दर फाइल तीनदा तपासणारा हा माणूस अंगातला ताप घेऊन, गोळ्या खाऊन ऑफिसात बसून राहिला. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. डॉक्टरकडं जा, असं मी रोज सांगत होते, तो उद्या म्हणत होता. डोळे पिवळे दिसले तेव्हा मीच रिक्षा बोलावली. उंदरांनी नासवलेल्या पाण्यातून होणारा ताप निघाला. पेणहून पनवेलला हलवेपर्यंत मूत्रपिंडं बंद पडत आली होती. काचेतून बघितला तेव्हा तो माझ्याकडं बघत होता, पण ओळखत होता की नाही ते मला सांगता येणार नाही. दोन मुलींचा बाप, अजून केस पांढरे व्हायचे होते. मला अजूनही त्याचा राग येतो.

तो गेला आणि त्यानंतरच्या पहिल्याच उधाणाला खाडीकाठच्या गावांत फोन नेहमीसारखे त्याच्या आवाजात बोलले. लोक दचकले. बायका ऐकून रडल्या, काहींनी फोन बंद करून टाकले. आवाज बदला, असा गावांतून निरोप आला. तो मला पटला, कारण भीतीनं बंद केलेला फोन कुणालाच वाचवत नाही. मंदाताईनं डोळे पुसत गावांसाठी नवं रेकॉर्डिंग करून दिलं. पण तिनं दुसरीही गोष्ट सांगितली. त्या दिवशी ती माहेरी होती. काकीचा फोन बोलला आणि थोड्या वेळानं बघते तो घर रिकामं. आई बांधावर उभी, दोन्ही अंगांना पाणी, लाटा पायाला लागतायत, आणि नजर रस्त्याकडं. मंदाताईनं तिला हाताला धरून ओढत आणलं. "आयच्या फोनातनं पन त्याला काड," ती मला म्हणाली. "नायतर एक दिवस ती पन जायल."

ज्या आवाजानं आईला बांधापासून दूर ठेवायचं, तोच तिला बांधावर नेत होता. ॲपात भरलेले भरतीचे आकडे संपत आले होते, नवा बिल्ड थांबवता येत नव्हता. पण तिला न विचारता तिच्या फोनातून तिचा मुलगा काढायचा, हे माझ्या हातून होईना. मी गावी गेले.

काकी ओटीवर वाल सोलत बसली होती. फोन दारामागच्या खिळ्याला कापडी पिशवीत टांगलेला, नरेशनंच टांगलेला. मी कसंबसं विचारलं, काकी, तुम्ही त्याची वाट बघायला जाता का? तिनं माझ्याकडं बघितलं.

"येडी नाय गो मी. तो नाय येनार, मला म्हायती हाय."

मग बांधावर का?

"'येतो' म्हनतो, नि मंग घर गप्प व्हतं. ते घरात बसून आयकवत नाय." हातातला वाल सोलून ती म्हणाली, "तेवरंच काड. तेवरंच खोटं हाय. बाकीचं खरं सांगतो तो, ते राहू दे."

मी पेणला परत आले आणि त्याच्या खुर्चीत बसले. त्याच्या अख्ख्या प्रोजेक्टात राहिलेली ती एकच चूक होती, आणि ती त्याच्या आईला सापडली होती. शेवटचे दोन शब्द कापले. 'मी येतो' म्हणायच्या आधी त्यानं श्वास घेतला होता, तो मात्र मला कापवेना. बिल्डची आज्ञा दिली. पाचही फाइली बाहेर पडल्या. फळीवरचे फोन एकेक करून उतरवले, प्रत्येकावर जी-ती फाइल टाकली, आणि बोलक्या होत्या त्या कानाला लावून ऐकल्या, पाचवी सगळ्यांत शेवटी.

पुढच्या उधाणाला मी काकीकडं जाऊन बसले. वारा होता, खाडीचा वास घरात येत होता. दारामागची पिशवी बोलली. "आये, पानी चराला लागलंय. बांदावर जाव नको." मग तो श्वास... आणि पुढं काही नाही. काकी उठेल म्हणून मी दाराशी सरकले होते. ती उठली, पिशवीपाशी गेली, फोन बाहेरूनच हातानं चाचपला.

"नाय जात," ती म्हणाली, आणि दाराला कडी घातली.