खंदकापलीकडची अळंबी

झेल्मा ओझोलाचा कुणावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही कुणाचा नव्हता. लाटवियातल्या गौया नदीकाठच्या छावणीत तिनं वीस वर्षं रशियन फौजेसाठी बटाटे सोलले. गेल्या वर्षी ती फौज गेली आणि तिच्या जागी तीन देशांची मिळून एक बटालियन आली. लाटविया, एस्टोनिया, लिथुआनिया. एकेकट्याला जगात कोण विचारतंय, म्हणून तिघांनी एकत्र येऊन बोस्नियात शांतता राखायला जायचं घाटत होतं. भटारखाना तोच, पातेली तीच, मावशीही तीच राहिली. गावातले म्हणायचे, रशियनांनी जाताना हिला मुद्दाम मागे ठेवलीय.

तिचा सगळ्यात जास्त संशय होता उर्मास लेपिकवर. हा एस्टोनियाचा लेफ्टनंट. दुपारी जेवणाच्या खिडकीशी यायचा, काहीबाही विचारायचा आणि निळ्या वहीत लिहून घ्यायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून दोघंही नावडत्या रशियनमध्ये बोलायचे. झेल्मा आठ वर्षांची असताना असाच एक माणूस वही घेऊन दारात आला होता. गाई किती, गडी किती, एवढंच विचारून गेला. दोन दिवसांनी ट्रक आला आणि तिच्या बापाला सैबेरियात घेऊन गेला. बाप परत आला नाही. तेव्हापासून कुणी समोर वही उघडली की ती दोन पावलं मागे सरायची.

एका दुपारी लेपिक ताटात बघून म्हणाला, "मावशी, ही पिवळी अळंबी बाजारातली दिसत नाही."

"मग काय आभाळातून पडली?"

"कुठून आणता?"

आता हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे माणूस पगार सांगेल, मूळव्याध सांगेल, पण अळंबीची जागा सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाही. विचारलं की खोटं सांगायचं. ऐकणाऱ्यालाही ते खोटं असल्याचं ठाऊक असतं, आणि विषय तिथंच संपतो.

"उत्तरेच्या खंदकापलीकडे," झेल्मानं ठोकून दिलं. "दर रविवारी जाते. तीस वर्षं झाली."

त्यानं ते लिहून घेतलं. खोटं कधी कुणी लिहून घेतं का? झेल्माला रात्रभर चैन पडलं नाही. बंदी असलेल्या रानात फिरते म्हणून हा आपल्याला कामावरून काढणार, नाहीतर आणखी काही. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याच्या वाटाण्यातलं मांस कमी केलं. आपल्या मुलाला, बटालियनमध्येच असलेल्या उल्दिसला, तिनं बजावलं, "त्या लेपिकपासून लांब राहा. बोस्नियात तो तुम्हाला पुढे घालेल आणि स्वतःची एस्टोनियन माणसं मागे ठेवेल."

"आई, तुला दारातलं मांजरही हेर वाटतं," उल्दिस म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो लापशी घ्यायला आला, पाठीवर सगळं सामान बांधून. "आज गस्तीचा सराव आहे. उत्तरेच्या खंदकापलीकडे."

"तिकडे कशाला? तिथे रशियनांनी न फुटलेले गोळे टाकलेत."

"लेफ्टनंट म्हणतो, ती वाट वापरातली आहे. सुरुंग शोधायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणून जिथे लोक जातात तिथेच न्यायचं." मग तो हसला. "तूच सांगितलंस ना त्याला? तीस वर्षं जाते म्हणून?"

झेल्मानं हातातला डाव टाकला आणि एप्रनवरच फाटकाकडे पळत सुटली. एकोणऐंशी साली खंदकापलीकडे गेलेल्या गाईचं नुसतं एक शिंग मिळालं होतं, ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

तिन्ही देशांची चाळीस पोरं रांगेत उभी होती.

"साहेब, तिकडे नेऊ नका. मी खोटं बोलले."

लेपिक हसला. "घाबरू नका मावशी, तुमची अळंबी कुणी तुडवणार नाही."

"अहो, तिथे अळंबी नाहीच."

"माझी आईही अस्संच म्हणते. तिच्या जागेकडे कुणी वळलं की तिथे अचानक साप निघतात."

झेल्मा वाट अडवून उभी राहिली. आपणही त्याच्या जागी असतो तर विश्वास ठेवला नसता, हे तिला पुरतं कळत होतं. आता पुरावा एकच होता, अळंबीची खरी जागा. बाप गेल्यावर उपाशी दिवसांत आईनं ती जागा तिला दाखवली होती, आणि तिनं ती उल्दिसलाही दाखवली नव्हती.

"चला," ती म्हणाली. "खरी जागा दाखवते. माझ्या पावलावर पाऊल ठेवून या."

आंघोळघराच्या मागून, वाळलेल्या ओढ्यातून ती पुढे निघाली, पायात सपाता. मागे चाळीस जण. भूर्जांच्या राईत शेवाळावर पिवळी अळंबीच अळंबी होती, आणि अर्धी तिनं रविवारी कापून नेल्याच्या ताज्या खुणा. लेपिक गुडघ्यावर बसला. त्यानं एका देठावरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"खंदकाकडे कुणीच जात नाही?"

"कुणीच नाही."

त्यानं वही काढली, एक ओळ खोडली.  झेल्मानं न विचारताच वही त्याच्या हातातून घेतली. आत छावणीभोवतीच्या रानाचा नकाशा होता, त्यावर पेन्सिलनं काढलेल्या वाटा, प्रत्येक वाटेवर गावातल्या कुणाचं तरी नाव. दूधवाला, पोस्टमन, शेजारची आल्मा. अकरा नावं होती.

"यांनाही अळंबीचंच विचारलंत?"

"हो. सुरक्षित वाटा आम्हाला दुसरं कोण सांगणार? नकाशे रशियन घेऊन गेले."

"साहेब, यातलं एकही खरं नाही."

"कशावरून?"

"वही उघडून विचारलंत ना?"

लेपिकनं वही परत घेऊन मिटली. तो सरावाची पोरं घेऊन आल्या वाटेनं परतला, आणि यंत्र येईपर्यंत उत्तरेकडे कुणी पाऊल टाकलं नाही. खंदकापलीकडे नंतर चौदा गोळे निघाले. ते उडवले तेव्हा भटारखान्याच्या काचा थरथरल्या आणि झेल्मा वाढायची थांबून रांगेत उल्दिसला शोधत राहिली.

सरावानंतरच्या रविवारीच ती टोपली घेऊन राईत गेली होती. शेवाळावर तिन्ही देशांचे बूट उमटलेले होते आणि एक अळंबी शिल्लक नव्हती. ती रिकामी टोपली घेऊन घरी आली. वाटेत आल्मानं विचारलं, "कुठे गेली होतीस गं?"

"नदीवर," झेल्मा म्हणाली.