गोलकीपर कोपऱ्यात गेला तेव्हा

माझे वडील छप्पन सालीच बौद्ध झालेले. घरातले देव गेले तशी भुतंही गेली, असं ते म्हणायचे. त्यामुळं अंगात येणं, कौल लावणं असल्या गोष्टींवर मी जन्मभर हसत आले... आजही हसते. तरी हे लिहायला बसलेय, कारण सांगून सांगून कंटाळा आलाय. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. एकदा लिहिलं की सुटले.

आम्ही विट्याचे. आमचे मालक तमिळनाडूत एका गलाईच्या दुकानात कामाला — म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. वर्षातून एक महिना घरी. लग्नाला तीस वर्षं झालेली, पण ते महिने एकापुढं एक ठेवले तर अडीच वर्षांचा संसार. त्र्याण्णवच्या सुमाराला तेजाबाच्या धुरानं छाती गेली, तेव्हा ते कायमचे घरी आले. खोकला, औषधं, जागरणं... मी पार पिचून गेले. मुलगा मिलिंद तिकडंच कामाला. तो एकदा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला, फुटबॉलचा. म्हणाला, आप्पांना बसल्या जागी काहीतरी पाहिजे.

खेळायला जोडीदार मीच. पन्नाशीची बाई रिमोट धरून बसलेली बघून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या.

त्या जुन्या गेममध्ये चेंडू पायाला चिकटलेला असायचा. कितीही पळा, वळा, सुटायचा नाही. आणि लाल बटण दाबून धरलं की गोलकीपरसुद्धा आपल्या हातानं हलवता यायचा. मालकांचा खेळ त्यांच्या कामासारखाच. गलाईवाला दुकानातला केरसुद्धा टाकत नाही, त्यातनं सोन्याचा कण काढतो. तसं मालक चेंडू बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. रेषेपर्यंत पळायचे, आत आणायचे, मागं गोलकीपरकडं द्यायचे. जिंकायचे तेच. पण शेवटच्या मिनिटाला आपला गोलकीपर मुद्दाम कोपऱ्यात नेऊन उभा करायचे, चेंडू माझ्या माणसापुढं सोडायचे आणि म्हणायचे, “घे, तुझा वाटा.”

“आवं, मला काय बारकं पोर समजता व्हय?” असं म्हणायची, पण मारायची.

एका दुपारी पहिला हाफ संपला आणि मी रिमोट खाली ठेवला. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हटलं, बास आता, लय दमले.

“अगं, निम्मा ऱ्हायलाय की अजून.”

“उद्या,” मी म्हणाले.

पहाटे ते गेले.

पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातला मरणानंतरचा विधी, झालं. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, तुमच्यात कावळ्याला घालत नाहीत, मग माणसाची इच्छा काय राहिली ते कळायचं कसं? त्या दिवशी मला हसू आलं नाही. काय राहिलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तेव्हापासून रात्रीची झोप अशी लागेचना.

सात-आठ महिन्यांनी, उन्हाळ्यात मिलिंद सुट्टीवर आला. नवीन फुटबॉलची कॅसेट घेऊन — आईला विरंगुळा म्हणून. एका दुपारी तो बाजारात गेला आणि मी एकटीच मशीनविरुद्ध खेळायला बसले. दुसरा रिमोट मालकांच्या मफलरमध्ये गुंडाळून मी केव्हाच ट्रंकेत ठेवलेला.

खरं सांगू, नवा गेम मला आवडला नाही. चेंडू पायाला चिकटतच नाही, जरा जोरात पळालं की पुढं निसटतो. पास माणसाला नाही, मोकळ्या जागेत द्यायचा, मग माणूस तिथं पळत येतो. दुसऱ्या हाफमध्ये माणसं दमतात, पाय ओढत चालतात... तेवढं पटलं. आणि गोलकीपर आपल्या हातात नाही. तो आपला आपण उड्या मारतो. लाल बटण दाबून अंगठा दुखला, हलला नाही.

पहिल्या हाफमध्ये मशीन मशीनसारखंच खेळलं. मला तीन गोल घातले. हात दुखायला लागले होते, बंदच करणार होते. मग वाटलं, एकदा ‘उद्या’ म्हणून झालंय. बसून राहिले.

दुसरा हाफ सुरू झाला. मशीनचा एक माणूस चेंडूमागं रेषेपर्यंत पळाला, आत आणला, मागं गोलकीपरला दिला. परत तेच. परत तेच. चेंडू एकदाही बाहेर गेला नाही. शेवटचं मिनिट लागलं, आणि त्यांचा गोलकीपर चालत चालत कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. समोरच्या माणसानं चेंडू माझ्या माणसापुढं सोडला... आणि सगळे थांबले. वरचं घड्याळ तेवढं पळत होतं.

मी मोठ्यानं म्हणाले, “आवं, मला काय बारकं पोर समजता व्हय?”

आणि मारला. गोल झाला, शिट्टी वाजली.

मिलिंद आला, त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी ट्रंक उघडली. रिमोट मफलरमध्ये जसाच्या तसा. मग कितीतरी वेळ बटणं दाबत बसला. “आई, ह्यात गोलकीपर हलवताच येत न्हाई,” एवढंच बोलला. विट्यातल्या गेमच्या दुकानात विचारलं, ते म्हणाले कॅसेट खराब असंल. असेलही. पण त्याच कॅसेटवर मी पुढं दोन वर्षं खेळले, गोलकीपर पुन्हा कधी जागचा हलला नाही.

भुतं मी अजूनही मानत नाही. एवढं मात्र आठवतं... त्या दिवशी दिवेलागणीला भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागला. मिलिंदनं उठवलं नाही. जाग आली तेव्हा सकाळ झाली होती, आणि हाताला पीठ तसंच वाळलेलं.