लिव्हर देणाऱ्याचा खुराक

"लिव्हर चालणार नाही," आमचे सर्जन सर म्हणाले, तेव्हा नितीन स्वतःच्या पोटाकडे बघत बसला.

मी बडोद्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. नितीनचा मोठा भाऊ संजय आमच्याकडे अॅडमिट होता. त्याला सिऱ्होसिस होता, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललं होतं. त्याने दारूला कधी हात लावला नव्हता. लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या चरबीने हे झालं होतं. नितीन आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार होता. पण स्कॅनमध्ये त्याच्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. असा तुकडा लावत नाहीत.

"कमी होते का ती?"

"होते. दीड महिना बघू. पुढचं ह्या सांगतील," म्हणून सरांनी माझ्याकडे बोट केलं.

अनोळखी माणसांशी बोलणं मला जड जातं. हळू आवाजात मी सगळं समजावलं. नितीन बाजव्याजवळच्या प्लांटमध्ये कंट्रोल रूममध्ये बसतो. वडील तिथेच वेल्डर होते.

"बाबा माझ्या दुप्पट जेवायचे, मॅडम. त्यांना कुठे काय झालं?"

"कामावर कसे जायचे?"

"सायकलने." मग स्वतःच म्हणाला, "मी बाइकने जातो."

पुढच्या भेटीत वजन वाढलेलं होतं. बाहेरचं काही खाल्लं नाही, असं तो शपथेवर सांगत होता. आई बाहेर डबा घेऊन बसली होती. मी तिला आत बोलावलं. डब्यात डिंकाचे लाडू होते.

"अगं, त्याच्या अंगातला तुकडा काढणार. ताकद नको? शेजारच्या हंसाबेनपण तुपा-गुळाची सुखडी पाठवतात."

बाळंतिणीला देतात तसा खुराक चालू होता.

"आईला नाही कसं म्हणू?" नितीन पुटपुटला. "दादासाठी तिला दुसरं काही करता येत नाही."

"काकू," मी म्हणाले, "हे तूप-गूळ त्याच्या लिव्हरमध्ये साठतंय. ते लिव्हर संजयला हवंय."

तिने डबा बंद केला. त्या दिवसापासून घरात मूग, भाजी, भाकरी. संध्याकाळी ती स्वतः त्याला चालायला न्यायची. सरांनी मुदत वाढवली आणि शेवटी स्कॅन चांगला आला. ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधीच संजयच्या पोटात साठलेल्या पाण्यात इन्फेक्शन झालं. तो गेला.

नंतर त्याची आई एकटीच आली. "माझ्या लाडवांमुळे उशीर झाला का गं?"

"इन्फेक्शन कुणाच्या हातात नव्हतं, काकू." हे खरं होतं. उशीर झाला होता, हेही खरं होतं.

आता लिव्हर द्यायला कुणी आलं की त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं ते विचारते आणि त्यांना पहिल्याच दिवशी आत बोलावते. वजन नंतर करते.