आईची साधी गाठ

गेल्या रविवारी कुळगावला आईच्या घरी गेले आणि चप्पलही न काढता दारातूनच ओरडले, "आई, साधी गाठ आहे गं! कॅन्सर नाही!"
आईने विचारलं, "चहा टाकू?"

थोडं मागचं सांगते. मध्यंतरी आईचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली... आम्हाला वाटलं साधी कावीळ. बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरून झाडपाल्याचं औषधही आणलं. शेवटी उल्हासनगरला स्कॅन केला तर पित्तनळीत गाठ! तिथली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते म्हणे. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली... आणि निघाली साधी. डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित होतं. मी तिथेच हॉस्पिटलमध्ये मोठ्याने रडले.

आणि ही बाई चहा टाकतेय! कॅन्सरच आहे असं धरून ऑपरेशननंतर तिने जेवणच सोडलं होतं. जखम भरायची नाही म्हणून डॉक्टर ओरडले, तरी हिचं एकच... "आता कशाला?"

माझं डोकंच फिरलं. "अगं, विश्वास नाही का माझ्यावर?"

"तुझ्या बाबांनाही मी हेच सांगायचे ना," ती म्हणाली. "साधी गाठ आहे. अगदी असंच हसून."

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत सुपरवायझर होते, पोटाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्यासमोर तो शब्द काढायचा नाही, असं घरात ठरलं होतं. तेही शेवटपर्यंत "बरा झालो की ड्युटीवर जातो" म्हणायचे...

मी म्हटलं, "आई, तेव्हा तू मला त्यांच्या खोलीत जाऊ द्यायची नाहीस. का? तर माझ्या तोंडावर सगळं दिसतं म्हणून. मग आता बघ ना माझ्याकडे!"

तिने बघितलं. बराच वेळ. मग गॅस बंद करून खाली बसली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"म्हणजे त्यांनाही माझ्या तोंडावर दिसलं असेल गं," ती म्हणाली. "सगळं कळत होतं त्यांना... माझ्यासाठी गप्प बसले."

आणि आई रडली. बाबा गेले तेव्हाही इतकी रडली नव्हती. मी तिला धरून बसले.

संध्याकाळी तिने वरणभात मागून घेतला. माझी आई मला परत मिळाली, देवाचे किती आभार मानू! पण बाबा आजारात कितीतरी महिने ते सगळं एकटेच मनात घेऊन पडून होते, आणि आम्ही बाहेरच्या खोलीत कुजबुजत होतो... हे काही केल्या मनातून जात नाही.