भाजलेली माती

नवलाख उंबरे गावाजवळच्या आमच्या भातखाचराच्या कोपऱ्यातली चमचाभर माती मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली होती. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दिसेल तिथली माती पिशवीत भरते, म्हणून घरचे मला हसतात. हसोत.

त्या मातीतून एक हिरवट बुरशी उगवली. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायाच्या जखमेतले जंतू गोळ्यांना दाद देत नव्हते. औषधं बदलून बदलून डॉक्टर दमले होते. तेव्हा कुठे एक नवी गोळी लागू पडायला लागली होती. तसल्याच जातीचे जंतू मी या बुरशीशेजारी वाढवून पाहिले, तर ते तिच्या जवळ फिरकेनात. शेजारच्या मातीत ती शोधूनही सापडली नव्हती.

यातून औषध व्हायला वर्षं जातात आणि बहुतेकदा होतच नाही, हे आबांना मी नीट समजावलं होतं. त्यांनी मानही हलवली होती.

मे महिन्याच्या सुट्टीत कुणा शहाण्यानं वीज वाचवायला प्रयोगशाळेतला फ्रिज बंद केला. आतल्या प्लेटांवर भलतंच काहीबाही माजलं, माझी बुरशी मेली. चरफडत, पुन्हा तीच माती आणायला मी तडक गावी गेले.

बघते तर कोपरा काळाठिक्कर. रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून पेटवायचा, राब भाजायचा, ही मावळातली दरवर्षीची रीत. पण आमचा राब कायम वरच्या वाफ्यात असतो, या कोपऱ्यात कधीच नाही. म्हणून तर मी निर्धास्त होते.

आबा बांधावर बसले होते. मला पाहून खुलले.

"तुला औषधाला माती पायजे न्हवं? म्हून औंदा हितं बी राब घातला. शेन लय लावलं. कीड म्हनून ऱ्हायली न्हाई बघ!"

"आबा, मला ती कीडच हवी होती!" मी ओरडलेच. इतका राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर?

त्यांच्या पायाची पट्टी राखेनं बरबटली होती. ती सोडायला मी खाली बसले.

"या पायानं कशाला आलात इथं? गोळ्या तरी घेताय ना?"

"त्या कवाच बंद केल्या," आबा म्हणाले. "तुझं औषध येतंय न्हवं आता."